फेसाचा वैरी

शांपेनचा शोध डॉम पेरिन्याँ नावाच्या ख्रिस्ती साधूने लावला, ही कथा मी वर्गात किती वेळा सांगितली असेल याचा हिशेब नाही. आंबण्याच्या क्रियेवरील तासाला मुलांची डुलकी उडवायला ती फार उपयोगी पडे. पुढे या गृहस्थाचे चरित्र नीट वाचले आणि मी वरमलो. ज्या फेसाचे जनकत्व आपण त्याला देतो, तो फेस टाळण्यासाठीच त्याची धडपड चालली होती!

पिएर पेरिन्याँचा जन्म १६३८ मध्ये ईशान्य फ्रान्समधील सेंत-मनू गावी झाला. चौदावा लुई त्याच वर्षी जन्मला, आणि दोघे वारलेही १७१५ मध्येच. विशीच्या सुमारास तो बेनेडिक्टाइन पंथात शिरला. १६६८ पासून अखेरपर्यंत, म्हणजे ४७ वर्षे, ओव्हिलेरच्या मठाचा तो कारभारी होता. वसुली, कोठार, द्राक्षबागा, सारे त्याच्याकडे.

शांपेनचा मुलूख थंड. हिवाळ्यात रसातले यीस्ट गारठून झोपी जाई आणि वसंतात, बाटलीत भरल्यावर, पुन्हा जागे होई. मग कार्बन डायऑक्साइड कोंडून बाटल्या फुटत. एक फुटली की शेजारच्याही. तेव्हा बुडबुडे म्हणजे बिघाडच. पेरिन्याँने लक्ष घातले ते बागेत. वेल आखूड छाटायचे, पीक थोडे पण कसदार घ्यायचे. तोडणी ऊन चढण्यापूर्वी. फुटका मणी बाजूला. काळ्या द्राक्षांचा रस सालीचा रंग उतरण्याआधी हलक्या हाताने काढायचा. निरनिराळ्या बागांची फळे चाखून कोणते कशात मिसळावे हे तो ठरवी. माझ्या मते त्याचे खरे कर्तृत्व हेच.

फेसाचे श्रेय त्याला मिळाले ते मृत्यूनंतर शंभरावर वर्षांनी. क्रांतीत मठ बंद पडला होता. तिथला एक जुना साधू ग्रोसार याने १८२१ मध्ये एका पत्रात मठाची थोरवी सांगताना ही गोष्ट लिहिली. वस्तुतः वाइनमध्ये साखर घालून फेस आणण्याची रीत इंग्लंडात ख्रिस्टोफर मेरेटने १६६२ मध्येच नोंदवली होती. दक्षिण फ्रान्समधील लिमूचे लोक तर १५३१ चा दाखला पुढे करतात.

शांपेन हे नाव आज कायद्याने त्या एका मुलखापुरते आहे. लिमू, ल्वार, आल्सास येथे त्याच रीतीने, बाटलीत दुसऱ्यांदा आंबवून केलेल्या वाइनला क्रेमाँ म्हणतात. ती सहसा बरीच स्वस्त असते, आणि तिची द्राक्षे हातानेच तोडावीत असा नियम आहे. तेथील काही बागायतदार रुडॉल्फ स्टायनरने १९२४ मध्ये सांगितलेली जैवगतिक शेती करतात. रासायनिक खते वर्ज्य. गाईच्या शिंगात शेण भरून हिवाळाभर पुरायचे आणि मग पाण्यात घोळून शिंपडायचे. (चंद्र पाहून कामे करण्याचा भाग मला पटत नाही.) वेलीपाशी वाकून केलेले हे काम पेरिन्याँला परके वाटले नसते.

मोएत कंपनीने १९३६ मध्ये आपल्या सर्वात उंची शांपेनला त्याचेच नाव देऊन ती बाजारात आणली. ती अर्थातच फेसाळ आहे. मी मात्र आता वर्गात मेरेटपासून सुरुवात करतो.