राजा गेला, तरी राज्य राहिले : शिवरायांचा कारभार



जोह्यातल्या कुठल्याही गणपती कारखान्यात डोकावून पाहा. साच्यातून निघालेल्या मूर्ती ओळीने वाळत असतात, पण डोळ्यांची आखणी शेवटी हातानेच करावी लागते. चीनचा पहिला सम्राट छिन शी हुआंग याच्या कबरीजवळ मातीचे हजारो सैनिक सापडले. तेही असेच, अवयव साच्यातले आणि चेहऱ्यावरचा शेवटचा हात कारागिराचा.

या सम्राटाने इ.स.पू. 221 मध्ये सगळी राज्ये जिंकून एक केली. मग कारभाराचाही साचा केला. लिपी एक, वजनमापे एक, नाणे एक. प्रांतावर वारसदार नव्हे, तर नेमलेला अधिकारी. पण कडक शिक्षा आणि वेठबिगारीने लोक पिचले. इ.स.पू. 210 मध्ये तो वारला आणि चारेक वर्षांत त्याचे घराणे संपले. पुढच्या हान घराण्याने साचा बराचसा तोच ठेवला, पण रयतेवरचा भार हलका केला. ते सुमारे 400 वर्षे टिकले.

आता प्रश्न आपल्या घरचा. आपल्या जिल्ह्याला ज्या गडाचे नाव आहे, तिथल्या राजाने काय केले? मुलांना विचारा. अफजलखान, शाहिस्तेखान, आग्रा, सगळे धडाधडा सांगतील. कारभार विचारला की वर्ग गप्प! म्हणून आज तीच बाजू पाहू.

सुरुवात

शिवरायांचा जन्म 19 फेब्रुवारी 1630 रोजी शिवनेरीवर झाला. वडील शहाजीराजे दूर कर्नाटकात. पुणे जहागिरीत जिजाऊंच्या नजरेखाली ते वाढले. 1646 मध्ये, म्हणजे सोळाव्या वर्षाच्या आसपास, रांझे गावच्या पाटलाने एका स्त्रीवर अत्याचार केल्याची तक्रार आली. शिवरायांनी त्याला जबर शिक्षा केली आणि पाटीलकी काढून घेतली. त्या काळी पाटील, देशमुख म्हणजे आपापल्या मुलखाचे राजेच. वतनदारही कायद्याखालीच, हे तेव्हाच लोकांना कळले.

पुढे 1656 मध्ये जावळी आणि रायरी, 1657 मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली. 1661 मध्ये आपल्या पेणपासून जवळच, खोपोलीकडच्या उंबरखिंडीत कारतलबखानाची फौज कोंडली गेली. मुलूख वाढत होता. पण जिंकलेला मुलूख सांभाळायचा कसा?

साचा कसा होता?

6 जून 1674 रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला. नवा शक सुरू झाला. देवनागरी अक्षरांचा सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई निघाली. कारभारात फारसी शब्दांची गर्दी होती, म्हणून राज्यव्यवहारकोश तयार करवून घेतला. आठ प्रधानांना कामे वाटून दिली. प्रधानपद वंशाने चालायचे नाही, आणि चाकरीचा मोबदला शक्यतो रोख पगाराने, जमीन तोडून नव्हे.

गडाची व्यवस्था तर मुलांना जरूर सांगा. एका गडावर बरोबरीचे तीन अधिकारी असत. हवालदाराकडे किल्ल्या, सबनिसाकडे हिशेब, सरनोबताकडे पहारा. तिघे वेगवेगळ्या जातींचे. एकटा फितूर झाला तरी गड जाऊ नये, ही त्यामागची खबरदारी.

जमिनीच्या मोजणीचे काम अण्णाजी दत्तोंनी पाहिले. पाच हात पाच मुठींची काठी, अशा वीस काठ्या लांब आणि वीस रुंद म्हणजे एक बिघा, 120 बिघ्यांचा एक चावर. पिकाचे पाच वाटे करून तीन रयतेला, दोन सरकारात. नव्याने वसणाऱ्या शेतकऱ्याला गुरे आणि बियाणे मिळे, परतफेड सवडीने.

शेवटचा हात

पण नुसत्या साच्याने भागत नाही. चिपळूणच्या तळावरील फौजेला पाठवलेले महाराजांचे पत्र पाहा. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये, गवताच्या गंजीजवळ दिवा ठेवू नये, उंदराने वात पळवली तरी आग लागेल, इतके बारीक लक्ष! 1671 मध्ये गोव्याकडचे बारदेशचे मीठ स्वस्त पडू लागले, तेव्हा त्यावर जबर जकात बसवायला सांगून त्यांनी आपल्या मिठाला आधार दिला. पेणच्या मिठागरांशेजारी वाढलेल्या मुलांना हे लगेच उमगेल.

खरी परीक्षा

3 एप्रिल 1680 रोजी महाराज रायगडावर गेले. वय अवघे 50. पाठोपाठ औरंगजेब प्रचंड फौजेनिशी दक्षिणेत उतरला. 1689 मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, त्याच वर्षी रायगडही पडला. राजाराम महाराजांना दूर जिंजीला जावे लागले. राजा नाही, राजधानी नाही! तरीही इकडचा मुलूख लढत राहिला, कारण शिवरायांच्या हाताखाली तयार झालेले रामचंद्रपंत अमात्यांसारखे लोक कारभार धरून होते. 1707 मध्ये औरंगजेब अहमदनगरजवळ मेला, स्वराज्य उरलेच.

एक गोष्ट मात्र लपवू नका. त्या धामधुमीत माणसे जोडून ठेवण्यासाठी वतने पुन्हा द्यावी लागली आणि शिवरायांनी आवरलेली सरदारांची सत्ता पुढे वाढत गेली. उत्तम साचाही जपला नाही तर बिघडतो.

वर्गात करून पाहा

प्रत्येक मुलाला स्वतःच्या पाच हात पाच मुठींएवढी सुतळी कापायला सांगा. सगळ्या सुतळ्या शेजारी ठेवा. लहानमोठ्या निघतील. मग विचारा, शेत कोणाच्या सुतळीने मोजायचे? सावकाराच्या, पाटलाच्या की शेतकऱ्याच्या? मुलांना भांडू द्या थोडा वेळ. सगळ्यांसाठी एकच माप का लागते आणि ते ठरवणारा न्यायी का असावा लागतो, हे त्या भांडणातूनच त्यांना कळेल.