कॅप्टन जेम्स फॉर्सिथ

शिरपूरच्या उत्तरेस सातपुड्याची जी निळी रांग आपणांस नित्य दिसते, तीच पूर्वेकडे पचमढीच्या पठारापर्यंत गेलेली आहे. त्या डोंगरांत ज्यांनी आपले ऐन तारुण्य वेचले, त्या कॅप्टन जेम्स फॉर्सिथ यांचे चरित्र आम्ही वाचकांस थोडक्यात सादर करितो.

फॉर्सिथ यांचा जन्म १८३८ साली झाला. लष्करी नोकरीनिमित्त ते हिंदुस्थानात आले व पुढे मध्यप्रांताच्या वनखात्यात त्यांची नेमणूक झाली. १८६२ साली ते पचमढीस गेले. तेथे त्यांनी बांधिलेला 'बायसन लॉज' हा बंगला आजही उभा आहे. नंतर आपल्या खानदेशास लागून असलेल्या निमाड जिल्ह्यात जमीनमहसुलाच्या बंदोबस्ताचे काम त्यांनी पाहिले.

शिकारीसाठी बंदूक कोणती घ्यावी, या प्रश्नाचा त्यांनी शास्त्रीय रीतीने विचार केला. त्या काळी सैन्यात लांबट गोळीच्या रायफलीचा बोलबाला होता. ती दूरवर अचूक मारा करी. परंतु तिची गोळी कमानीसारखी वर चढून खाली येई. त्यामुळे अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी नेम फुकट जाई. रानात तर जनावर बहुधा जवळच, झाडीआड, क्षणभरच दिसते. तेथे अंतर मोजीत बसण्यास अवसर कोठला?

फॉर्सिथ यांनी मोठ्या तोंडाची, वाटोळ्या गोळीची रायफल पसंत केली. नळीच्या आतील चऱ्यांचा पीळ फार असला व दारू पुष्कळ भरली, तर गोळी चऱ्या सोडून सरळ निसटते आणि नेम बिघडतो. म्हणून त्यांनी पीळ अगदी कमी ठेविला. मग दारू भरपूर घालिता येई व गोळी जवळजवळ सरळ रेषेत जाऊन जबर आघात करी. एकच बंदूक हरणापासून गव्यापर्यंत उपयोगी पडावी व जनावर जखमी होऊन तडफडत न राहता तत्काळ मरावे, हा त्यांचा हेतू होता. हे विचार त्यांनी शिकारी रायफलीवरील ग्रंथात मांडिले.

मध्य हिंदुस्थानातील डोंगराळ प्रदेशावरील त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ १८७१ साली छापून निघाला. त्याच वर्षी, वयाची पस्तिशीही गाठण्यापूर्वी, त्यांस मृत्यूने गाठिले.

पुढे मागून काडतूस भरण्याच्या बंदुका व धूर न करणारी दारू निघाली आणि त्यांची रायफल मागे पडली. १९७२ च्या कायद्याने वन्य प्राण्यांस संरक्षण मिळाले. ज्या रानांत ते गव्यामागे हिंडले, तेथे आज सातपुडा व्याघ्रप्रकल्प आहे. रायफलीची अचूकता आता नेमबाजीच्या मैदानावर पाहावयाची. २०२४ साली कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे यांनी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलीत कांस्यपदक मिळविले, हे आमचे विद्यार्थी जाणतातच.

साधन निवडिताना त्याची कीर्ती न पाहता आपले काम कोणते हे आधी ठरवावे, आणि आपल्या चुकीचे दुःख दुसऱ्या जिवास भोगावे लागू नये, एवढा बोध या अल्पायुषी पुरुषाच्या चरित्रातून आपण घ्यावा.