सान्सियानच्या किनाऱ्यावर : संत फ्रान्सिस झेवियर यांचा आगमनकाळ

ख्रिस्तराजाचा सण झाला की आपण उपासना-वर्षाचा निरोप घेतो आणि पुढच्याच रविवारी वेदीवर जांभळा रंग दिसू लागतो. आगमनकाळाच्या पहिल्याच आठवड्यात ३ डिसेंबर ही तारीख नेहमी येते. त्या दिवशी गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिकेकडे भाविकांची रीघ लागते. संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण आगमनकाळात येतो, हा अनेकांना केवळ पंचांगाचा योगायोग वाटतो. त्यांच्या अखेरच्या दिवसांचा वृत्तान्त वाचल्यावर मात्र तसे वाटेनासे होते.

झेवियर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अखंड प्रवास करणारा मिशनरी उभा राहतो. प्रत्यक्षात या संताच्या आयुष्याचा केवढा तरी भाग वाट पाहण्यात गेला, आणि वाट पाहणे हा त्यांचा स्वभाव मुळीच नव्हता.

७ एप्रिल १५०६ रोजी नवारा राज्यातील झेवियरच्या गढीत त्यांचा जन्म झाला. १५१२ साली कॅस्टीलने नवारा जिंकले आणि १५१६ मध्ये त्या गढीचे बुरूज पाडण्यात आले. घराण्याचे वैभव विद्येच्या बळावर परत मिळवावे या ईर्षेने हा तरुण १५२५ मध्ये पॅरिसला गेला. तेथे पीटर फेबर व पुढे इग्नेशियस लोयोला हे त्यांच्याच खोलीत राहावयास आले. इग्नेशियस यांना या महत्त्वाकांक्षी खेळाडू तरुणाचे मन वळविण्यास बराच काळ लागला. १५ ऑगस्ट १५३४ रोजी मोंमार्त्र येथे सात मित्रांनी व्रत घेतले, त्यात जेरुसलेमला जाण्याचा संकल्प होता. त्यासाठी ते व्हेनिसला आले. २४ जून १५३७ रोजी तेथे झेवियर यांना गुरुदीक्षा मिळाली, परंतु तुर्कांशी युद्ध पेटल्यामुळे यात्रेकरूंचे जहाज सुटलेच नाही. जेरुसलेमचे दर्शन त्यांना कधीच घडले नाही.

भारतात येण्याची निवडही मूळची त्यांची नव्हती. नियोजित धर्मगुरू बोबादिया आजारी पडले आणि १५४० च्या मार्च महिन्यात झेवियर यांनी रोम सोडले. लिस्बनमध्ये जहाजासाठी काही महिने थांबावे लागले. पस्तिसाव्या वाढदिवशी, ७ एप्रिल १५४१ रोजी, जहाज सुटले. वाऱ्याच्या प्रतीक्षेत मोझांबिकला कित्येक महिने काढून ते ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरले. हाती घंटा घेऊन गल्लोगल्ली मुलांना धर्मशिक्षणासाठी गोळा करणारे झेवियर आपल्या परिचयाचे आहेत. मोत्यांच्या किनाऱ्यावरील परवर मच्छीमार, मलाक्का, मोलुक्का बेटे, १५४९ पासून जपान असा त्यांचा पुढचा प्रवास झाला. १५४८ मध्ये गव्हर्नर जुआंव द कास्त्रो यांच्या भेटीसाठी ते वसईलाही येऊन गेले.

त्यांच्या अधीरतेची एक बाजू लपविण्याचे कारण नाही. वसाहतीतील ख्रिस्ती लोकांचे शिथिल आचरण पाहून १५४६ मध्ये त्यांनी पोर्तुगालच्या राजाकडे गोव्यात इन्क्विझिशन आणण्याची मागणी केली. ते न्यायालय त्यांच्या मृत्यूनंतर, १५६० मध्ये आले आणि त्याने अनेकांना छळले. संतालाही सारे दूरवरचे दिसतेच असे नाही.

जपानमध्ये त्यांना वारंवार एकच प्रश्न ऐकावा लागला : हा धर्म खरा असेल तर चीनला तो ठाऊक कसा नाही? म्हणून १५५२ च्या एप्रिलमध्ये ते गोव्याहून चीनकडे निघाले. मित्र दियोगो परेरा राजदूत म्हणून बरोबर जाणार होते, म्हणजे प्रवेश उजळ माथ्याने झाला असता. पण मलाक्काचा कप्तान आल्वारो द आताईद, वास्को द गामाचा पुत्र, याने तो बेत मोडला. झेवियर यांचा संताप अनावर झाला. आताईद धर्मबहिष्कृत ठरल्याचे जाहीर व्हावे म्हणून त्यांनी पत्रे लिहिली. परेरांशिवायच त्यांचे 'सांता क्रूझ' हे जहाज पुढे गेले.

ऑगस्टच्या अखेरीस ते सान्सियान बेटावर पोहोचले. चीनची मुख्य भूमी तेथून जेमतेम चौदा किलोमीटर. परकीयांना प्रवेशबंदी होती, कॅन्टनच्या तुरुंगात पोर्तुगीज कैदी खितपत होते. झावळ्या-गवताच्या झोपडीवजा चॅपेलात ते मिस्सा अर्पण करीत आणि व्यापाऱ्यांना आपल्याला पलीकडे नेण्याची गळ घालीत. अखेर एक चिनी व्यापारी तयार झाला. दोनशे क्रुझादो किमतीच्या मिरीच्या मोबदल्यात तो त्यांना रात्री गुपचूप नेऊन कॅन्टनच्या वेशीपाशी सोडणार होता. दिवस ठरला १९ नोव्हेंबर. दुभाष्या भीतीने आधीच माघारी फिरला होता, पोर्तुगीज जहाजे एकेक करून निघून जात होती, अन्नाचीही टंचाई होती.

१९ नोव्हेंबर उजाडला, मावळला. व्यापारी आला नाही. दुसऱ्या दिवशी उपासना-वर्षाचा शेवटचा रविवार होता. (ख्रिस्तराजाचा सण तेव्हा नव्हता, तो १९२५ मध्ये सुरू झाला.) २१ तारखेच्या सोमवारी मिस्सा अर्पण केल्यावर त्यांना ताप भरला. त्यांना जहाजावर नेले, पण जहाजाचे हेलकावे सोसवेनात, म्हणून पुन्हा किनाऱ्यावर आणले. रक्त काढण्याचा त्या काळचा उपचार झाला, त्याने ते अधिकच खंगले. २७ नोव्हेंबरला आगमनकाळाचा पहिला रविवार आला तेव्हा ते अंथरुणाला खिळलेले होते.

शुश्रूषेला अंतोनियो नावाचा एक चिनी तरुण होता. गोव्याच्या सेंट पॉल महाविद्यालयात शिकलेला हा तरुण आपली मातृभाषा बरीचशी विसरला होता, म्हणून दुभाष्या म्हणून त्याचा उपयोग नव्हता. झेवियर तापाच्या भरात अंतोनियोला न कळणाऱ्या भाषेत बोलत, मध्येच येशूचे नाव घेत. ज्या चीनसाठी ते किनाऱ्याकडे डोळे लावून होते, त्याचा एक सुपुत्र त्यांच्या उशाशी जागत होता, ही गोष्ट मला व्यापाऱ्याच्या नौकेहून मोलाची वाटते. ३ डिसेंबरच्या शनिवारी पहाटे अंतोनियोने पेटलेली मेणबत्ती त्यांच्या हाती दिली आणि थोड्याच वेळात झेवियर यांनी प्राण सोडला.

अंत्यविधीला मोजकीच माणसे होती. पुढे अस्थी नेणे सोपे व्हावे म्हणून शवपेटीत चुना भरला गेला. १५५३ च्या फेब्रुवारीत ती उघडली तेव्हा देह जसाच्या तसा आढळला, आणि मार्च १५५४ मध्ये तो गोव्यात पोहोचला. झेवियर सान्सियानवर वाट पाहत असतानाच, ६ ऑक्टोबर १५५२ रोजी, इटलीतील माचेराता गावी मात्तेओ रिच्ची नावाचे बाळ जन्माला आले होते. येशूसंघाचा हाच धर्मगुरू १५८३ मध्ये चीनच्या भूमीवर राहावयास गेला.