किर्लोस्करवाडीचे मास्तर
आपल्या लोणंदहून मिरजेकडे निघालेली गाडी किर्लोस्करवाडीवरून जाते. ही वाडी वसवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) आधी मास्तर होते. त्यांना चित्रकार व्हायचं होतं, पण रंग नीट ओळखता येईनात. मग मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये ते यंत्रांची रेखाटनं शिकवू लागले. हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडून बेळगावला आले. लोखंडी नांगराने जमीन नासते, या समजुतीने शेतकरी तो घेईनात. तरी लक्ष्मणराव तो सुधारत राहिले. १९१० मध्ये औंध संस्थानातल्या ओसाड माळावर त्यांनी कारखाना उभा केला.
माझी बढती हुकली, तेव्हा मी नोकरी सोडली नाही. पण रडणं थांबवून नवं काम शिकायला घेतलं, ते त्यांना आठवूनच. शाळेतल्या मुलांनो, कुणी नाकारलं तरी हातातलं काम सुधारत राहा.