ख्रिस्तपुराणकार फादर स्टीफन्स

 नाताळात मध्यरात्रीच्या प्रार्थनेसाठी गोव्यातील इगर्जी उजळून निघतात आणि बेथलेहेमच्या गोठ्यात जन्मलेल्या बालकाचे स्तवन घरोघर चालू असते. या बालकाचे चरित्र आपल्या ज्ञानोबा-एकनाथांच्या ओवीत, सुमारे अकरा हजार ओव्यांचा विस्तार करून, एका परदेशीय पुरुषाने चारशे वर्षांपूर्वी गायिले, ही गोष्ट मराठी वाचकांपैकी पुष्कळांनी ऐकलेली असते. परंतु तो पुरुष कोण होता आणि त्याला पुराण रचण्याचा प्रसंग का आला, हे फारसे कोणी सांगत नाही.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म इंग्लंडमधील विल्टशर परगण्यातील बुश्टन या खेड्यात १५४९ च्या सुमारास झाला. वडील लंडनचे व्यापारी होते. थॉमस वयात आले तेव्हा एलिझाबेथ राणीच्या राज्यात जुन्या कॅथलिक पंथाची उपासना गुन्हा ठरली होती. थॉमस पाउंड नावाच्या एका श्रीमंत गृहस्थाबरोबर, त्याचा सेवक म्हणून, ते काही काळ देशात फिरले. दोघांनीही रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करण्याचा निश्चय केला होता. निघण्यापूर्वीच पाउंड पकडला गेला आणि पुढे सुमारे तीस वर्षे त्याने निरनिराळ्या तुरुंगांत काढली. स्टीफन्स मात्र निसटले. १५७५ मध्ये रोम येथे त्यांना संघात घेण्यात आले. एकाच संकल्पाने निघालेल्या दोघांपैकी एकाच्या वाट्याला कोठडी आली आणि दुसऱ्याच्या वाट्याला समुद्र. ईश्वर कोणाला कशासाठी निवडतो, हा प्रश्न त्यांच्या पुढील ग्रंथात वारंवार येतो. त्याचे बीज त्यांच्या स्वतःच्या तारुण्यातच पडले असावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघालेले त्यांचे जहाज २४ ऑक्टोबरला गोव्यास लागले. या साडेसहा महिन्यांचा वृत्तांत त्यांनी वडिलांना पत्राने कळविला. पुढे ते पत्र इंग्लंडात छापले गेले. हिंदुस्थानात येऊन राहिलेला पहिला ज्ञात इंग्रज म्हणून त्यांचेच नाव घेतले जाते. १५८३ मध्ये राल्फ फिच आदी चार इंग्रज गोव्याच्या तुरुंगात पडले, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी खटपट करणाऱ्यांत हेच फादर स्टीफन्स होते.

त्यांना काम नेमून दिले गेले ते साष्टी महालात. त्या भूमीची त्या वेळची अवस्था आपल्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. १५६७ मध्ये रायतूरच्या किल्लेदाराने साष्टीतील सुमारे २८० देवळे पाडली होती. त्याच दशकात कुशस्थळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा भक्तांनी नदीपार अंत्रूज महालात नेली. मंगेशी आणि कवळे ही आजची क्षेत्रे त्या प्रवासातून उभी राहिली. जुन्या पोथ्या जप्त होत होत्या. जे मागे राहिले, त्यांपैकी अनेकांचा बाप्तिस्मा झाला. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार मारले. त्यांत अकबराच्या दरबारातून नुकतेच परतलेले रुदोल्फ आक्वाविवा होते. त्यानंतर कुंकळ्ळीच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून पोर्तुगीजांनी त्यांची हत्या केली. ज्या राज्यसत्तेच्या छायेत ही कृत्ये घडली, त्याच सत्तेच्या छायेत स्टीफन्स यांचे कार्य चालले होते. हे झाकून त्यांचे चरित्र लिहिणे प्रामाणिक होणार नाही.

तथापि त्याच वर्षी त्यांनी आपल्या बंधूला जे पत्र लिहिले, त्यात एक निराळाच मनुष्य दिसतो. येथील भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिन भाषांशी मिळतीजुळती आहे, असे त्यांनी त्यात नमूद केले आहे. सर विल्यम जोन्स यांनी हाच विचार विद्वानांपुढे मांडला तो १७८६ मध्ये, म्हणजे दोनशे वर्षांनी. स्टीफन्स कोंकणी शिकले आणि मराठीही शिकले. आपल्या ग्रंथात मराठीचा गौरव करताना त्यांनी रत्ने, पुष्पे, परिमळ यांच्या उपमांची जी उधळण केली आहे, ती प्रत्येक मराठी शाळकरी मुलाच्या परिचयाची असावी.

पुराणाच्या आरंभी त्यांनी ग्रंथाचे निमित्त सांगितले आहे. साष्टीत धर्मशिक्षणाचा पाठ आटोपल्यावर एका ब्राह्मण ख्रिस्ती गृहस्थाने विनंती केली की, शिकविले जाते ते ठीक; परंतु आमची पूर्वीची पुराणे आपण बंद केली, तर त्यांच्या जागी आमच्या भाषेत दुसरे काही तरी द्यावे. पिढ्यान्पिढ्या ज्याच्या घरात संध्याकाळी पोथी लागत होती, त्या माणसाचे हे मागणे होते. प्रश्नोत्तराचे पुस्तक पाठ होते, पण त्याने मन निवत नाही. स्टीफन्स यांनी ही विनंती मानली आणि वयाच्या साठीच्या आसपास ते पुराण रचण्यास बसले.

ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात ३६ अवस्वरू, म्हणजे अध्याय, आणि दुसऱ्यात ५९. ही विभागणी केवळ सोयीची नव्हे. पहिले पुराण निवडीचे आहे, तर दुसरे देहधारणाचे.

पहिल्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासून यहुदी लोकांचा इतिहास येतो. ईश्वराने अब्राहामाला त्याच्या देशातून बोलावले. थोरल्या एसावाला सोडून धाकट्या याकोबाला वारसा दिला. मिसर देशात गुलामीत खितपत पडलेल्या एका लहानशा लोकसमूहाला मोशेच्या हातून सोडविले. इशायच्या घरात थोरले पुत्र उभे असता रानात मेंढरे राखणाऱ्या दावीदाला राजा केले. ही निवड गुणवत्तेवर किंवा बळावर झालेली नाही, ती निव्वळ कृपेने झाली, असे ख्रिस्ती धर्म मानतो. शिवाय तिचा हेतू त्या एकाच कुळाचे कल्याण हा नव्हता. अब्राहामाच्या द्वारे पृथ्वीवरील सर्व कुळांना आशीर्वाद मिळावा, असे वचन त्याला दिले गेले होते. म्हणून निवडलेल्यांच्या वाट्याला या कथेत सुखापेक्षा ओझेच अधिक येते. ही परंपरा अखेर नाझरेथच्या मरियेपाशी येऊन पोहोचते. देवदूत तिला वार्ता सांगतो आणि ती संमती देते. तिची निवड झाली, पण तिच्या होकाराची वाट पाहिली गेली, यावर कॅथलिक परंपरेने फार भर दिला आहे.

येथे एक प्रसंगोपात्त गोष्ट सांगण्याजोगी आहे. स्टीफन्स साष्टीत होते त्या काळातच, १५९७ ते १६०७ या वर्षांत, ईश्वराची निवड आणि मनुष्याची इच्छा यांचा मेळ कसा घालावयाचा यावर रोममध्ये जेझुइट आणि डॉमिनिकन पंडितांचा मोठा वाद चालू होता. पोप पाचवे पॉल यांनी तो निर्णय न देताच थांबविला. आपल्याकडील श्रीवैष्णवांचा मर्कटन्याय आणि मार्जारन्याय ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या वादाचे मर्म चटकन कळेल. वानराचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरून असते, मांजरीच्या पिल्लाला आईच तोंडात उचलून नेते. तारणात जिवाचा भाग किती, हा प्रश्न दोन्हीकडे एकच. स्टीफन्स यांनी मात्र वादाऐवजी कथेची वाट धरली.

दुसरे पुराण मरिया आणि येशू यांच्या चरित्राचे. त्यापुढची अडचण अधिक बिकट होती. ज्यांच्या कानांवर लहानपणापासून दशावतार पडले आहेत, त्यांना देव मनुष्य झाला यात नवल ते काय वाटणार? दहांत अकरावा, एवढेच! परंतु ख्रिस्ती सिद्धान्त या ठिकाणी आपली वाट सोडून दुसरीकडे जातो. आपल्याकडे भगवंत युगायुगांत प्रकट होतो, दुष्टांचे निर्दाळण करतो आणि लीला संपवून निजधामास जातो. प्रभासक्षेत्री जरा व्याधाच्या बाणाचे निमित्त करून श्रीकृष्णांनी देह ठेवला. ख्रिस्ती श्रद्धेनुसार देवपुत्राने देह एकदाच धारण केला आणि तो पुन्हा कधीही टाकला नाही. मृत्यूनंतर तो त्याच देहाने, जखमांच्या खुणांसह उठला आणि त्याच देहाने स्वर्गास गेला. तो पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य आहे, हे सन ४५१ च्या खाल्सिदोन येथील धर्मसभेने ठरविलेले सूत्र होय. त्याची भूक खरी, तहान खरी, मित्राच्या थडग्यापाशी ढाळलेले अश्रू खरे आणि क्रूसावरचे मरणही खरे. त्याने पाप्यांचा संहार केला नाही. पापाचे फळ स्वतःवर घेतले. एकदाच घडलेले हे कार्य पुरेसे असल्यामुळे पुन्हा जन्माची गरज उरत नाही.

हा भेद मनावर ठसवावयाचा आणि तरीही ऐकणाऱ्याला परके वाटू द्यावयाचे नाही, असे दुहेरी संकट कवीपुढे होते. म्हणून स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटले, मंगलाचरण आपल्या ग्रंथकारांच्या रीतीने केले आणि त्यात पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांना वंदन केले. ग्रंथात मूर्तिपूजेवर टीका आहे, ती आपणांस रुचणार नाही. पण गोठ्यातील बाळाला न्याहाळणाऱ्या मरियेचे वात्सल्य आणि क्रूसाखाली तिने केलेला शोक वाचताना यशोदा आणि कौसल्या यांची आठवण होऊन डोळे पाणावतात, हेही तितकेच खरे.

ग्रंथ छापावयाचा तर नागरी खिळे हवेत. १६०८ मध्ये स्टीफन्स यांनी देशी लिपीचे ठसे पाडण्याविषयी रोमला संघप्रमुखांकडे लिहिले. हे प्रमुख क्लाउदिओ आक्वाविवा, म्हणजे कुंकळ्ळीला मारल्या गेलेल्या रुदोल्फ यांचे चुलते. ते खिळे काही झाले नाहीत. १६१६ मध्ये रायतूर येथे ख्रिस्तपुराण रोमन लिपीत छापून निघाले. तीन वर्षांनी, १६१९ मध्ये, गोव्यातच स्टीफन्स यांचा देहान्त झाला. त्यांची कोंकणीतील धर्मप्रश्नोत्तरी १६२२ मध्ये आणि कोंकणीचे व्याकरण १६४० मध्ये रायतूरलाच प्रसिद्ध झाले.

पुराणाच्या १६४९ आणि १६५४ मध्ये आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने देशी भाषेवरच बंदीचा हुकूम काढला. आज त्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत उपलब्ध नाही. गोवा सोडून कॅनरा प्रांतात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हस्तलिखिते उतरवून घेतली आणि उपवासकाळात व सणांना ती गायिली, म्हणून ग्रंथ वाचला. त्यांवरून जोसेफ साल्डाना यांनी १९०७ मध्ये मंगळूरला रोमन लिपीतील आवृत्ती काढली. तीत १०,९६२ ओव्या आहेत. शांताराम बंडेलू यांची नागरी आवृत्ती १९५६ मध्ये पुण्यास निघाली. दरम्यान लंडनमध्ये विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहात ख्रिस्तपुराणाची एक जुनी हस्तलिखित प्रत अभ्यासकांच्या दृष्टीस पडली होती. पोर्तुगीज शब्दांच्या जागी तिच्यात अनेक ठिकाणी संस्कृत शब्द आहेत, आणि लिपी देवनागरी आहे.