हिरा बनवायला गेला आणि घासायची पावडर बनवून बसला!

शीवमध्ये गाडी ठेवायची म्हणजे धुळीशी रोजचा सामना. पूर्व द्रुतगती महामार्ग इथलाच, पनवेलचा रस्ताही इथूनच फुटतो. रात्रीत बॉनेटवर थर बसतो. सकाळी गाडी पुसणारा एक बादली आणि एका फडक्यात दहा गाड्या उरकतो. मग एखाद्या दिवशी ऊन तिरकं पडतं आणि काळ्या रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे दिसतात. गॅरेजवाला म्हणतो, कंपाऊंड मारू, नव्यासारखी होईल.

कंपाऊंड म्हणजे मऊ क्रीममध्ये कालवलेली कडक पावडर. ती ओरखडा भरत नाही. ओरखड्याच्या आजूबाजूचा थर घासून खाली आणते. अशी कडक पावडर खाणीतून न काढता कारखान्यात बनवायची सुरुवात झाली ती एका फसलेल्या प्रयोगातून. तो करणाऱ्या माणसाचं नाव एडवर्ड गुडरिच ॲचसन.

ॲचसनचा जन्म ९ मार्च १८५६ चा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाचा. घरची परिस्थिती बिघडली आणि सोळाव्या वर्षाच्या आसपास शाळा सुटली. रेल्वेच्या मोजणीची कामं करत पोरगा रात्री विजेवरची पुस्तकं वाचायचा. १८८० मध्ये तो थॉमस एडिसनच्या मेनलो पार्कमधल्या प्रयोगशाळेत लागला. तिथं त्याच्या वाट्याला दिव्यातल्या कार्बनच्या तारेचं काम आलं. पुढच्या वर्षी एडिसनने त्याला युरोपात पाठवलं. पॅरिसचं वीज प्रदर्शन, मग इटली, बेल्जियम, असं फिरत त्याने दिवे बसवले. १८८४ मध्ये मात्र त्याने एडिसनची नोकरी सोडली. डोक्यात एकच खूळ होतं, स्वतःचं काहीतरी करायचं.

ते खूळ म्हणजे कृत्रिम हिरा. १८९१ साली मोनोंगहेला गावात त्याने एक लोखंडी भांडं घेतलं, त्यात चिकणमाती आणि कोकची पूड भरली, मधोमध कार्बनची कांडी खुपसली आणि जबरदस्त वीज सोडली. थंड झाल्यावर बघतो तर हिरा नाही. कांडीच्या टोकाला बारीक, चमकणारे कण चिकटले होते. त्याने ते काचेवर ओढले, काच कापली गेली.

त्याला वाटलं हा कार्बन आणि कुरुंदाचा संयोग असणार, म्हणून नाव ठेवलं कार्बोरंडम. नावातला हा कुरुंद आपल्याकडचाच, मूळ तमिळ शब्द. गंमत म्हणजे अंदाज साफ चुकला होता. त्या कणांत कुरुंद नव्हताच, ते होतं सिलिकॉन कार्बाइड. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

पहिला माल त्याने न्यूयॉर्कच्या हिरे घासणाऱ्यांना विकला, कॅरेटला ४० सेंट या भावाने. आलेल्या पैशातून सूक्ष्मदर्शक घेतला. २८ फेब्रुवारी १८९३ ला पेटंट मिळालं. दात घासायची बारीक चाकं खपू लागली, शिकागोच्या जागतिक प्रदर्शनातल्या दिव्यांसाठी वेस्टिंगहाउसने ६० हजार चाकं मागवली.

तरीही बनणाऱ्या मालापैकी निम्माच विकला जात होता. अशा वेळी या गड्याने काय ठरवावं? नायगारा धबधब्याच्या विजेवर त्याहून कितीतरी मोठा कारखाना! संचालकांनी राजीनामे दिले. तो थांबला नाही. वीज स्वस्त मिळाली, भाव उतरला आणि कार्बोरंडम हिरेवाल्यांकडून थेट लोखंड घासणाऱ्यांच्या हातात गेलं. पण पैशांसाठी मेलन बँकवाल्यांकडे जावं लागलं आणि हळूहळू कंपनीचा ताबा त्याच्या हातून गेला. आपण काढलेल्या कंपनीत आपणच पाहुणे, ही गोष्ट आजच्या स्टार्टअपवाल्यांनाही ओळखीची वाटेल.

त्याच भट्टीने त्याला दुसरा हात दिला. कार्बोरंडम प्रमाणाबाहेर तापवलं की सिलिकॉन उडून जातं आणि मागे उरतं शुद्ध ग्राफाइट. म्हणजे काच कापणाऱ्या पदार्थातून बोटावरून घसरणारा पदार्थ. १८९६ मध्ये त्याचं पेटंट, मग ग्राफाइटची कंपनी, मग ग्राफाइटची वंगणं. ६ जुलै १९३१ ला तो वारला तेव्हा त्याच्या नावावर सुमारे ७० पेटंट होती. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने जातो त्या मोऱ्यात, उरणजवळ, १९४१ साली घासायच्या चाकांचा कारखाना उभा राहिला. धंदा आपल्या दारापर्यंत आला तो असा.

आता गॅरेजकडे परत. रंगाआधी घासायला वापरतात तो काळा वॉटर पेपर बहुतेक ॲचसनच्याच सिलिकॉन कार्बाइडचा असतो. बाटलीतल्या कंपाऊंडमध्ये साधारणपणे त्यापेक्षा किंचित कमी कडक ॲल्युमिनियम ऑक्साइड असतं. पण कडकपणावर भुलू नका. आजच्या गाडीच्या रंगावर पारदर्शक क्लिअर कोट असतो, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा. केस याहून जाड असतो. हा थर उन्हापासून रंग वाचवतो आणि एकदा घासला की परत येत नाही.

म्हणून सुरुवात सगळ्यात सौम्य फिनिशिंग पॉलिश आणि मऊ फोम पॅडने, तीही गाडी नीट धुऊन, हातभर जागेवर. ओरखडे गेले तर कटिंग कंपाऊंडला हातच लावायचा नाही. नाही गेले तर एकच पायरी वर. लोकरीचा पॅड तेच कंपाऊंड जास्त खोल कापतो, हे विसरलं जातं. कडा आणि उंच रेषांवर थर आणखी पातळ, तिथं मशीन नकोच. ओरखड्यात नख अडकत असेल तर तो पॉलिशने जाणार नाही, तिथं रंगारीच लागेल.

शेजारच्या कुर्ल्यात बनलेली जुनी पद्मिनी घासताना फडक्यावर गाडीचा रंग यायचा आणि कुणी घाबरायचं नाही, कारण वर क्लिअर कोट नसायचाच. आजच्या गाडीच्या पॅडवर तिचा रंग दिसला तर मशीन तिथंच बंद करायला सांगा.