मालवणचे वनस्पतिशास्त्रज्ञ : डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर

मूळ-खोड-पान शिकवताना आपण जगदीशचंद्र बोस यांचं नाव सांगतो. मालवणचे आघारकर मात्र राहूनच जातात.

त्यांचा जन्म १८८४ चा. शिकले मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात. सुरुवात प्राण्यांपासून झाली. सह्याद्रीतल्या गोड्या पाण्यात त्यांनी चक्क जेलीफिश शोधला! पुढे कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९१४ ला शिकायला जर्मनीला गेले. नेमकं तेव्हाच महायुद्ध पेटलं. इंग्रजी राज्यातला माणूस म्हणून तिथं अटकेत पडले. ऐन तिशीतली वर्षं! तरी अभ्यास सोडला नाही, बर्लिनची डॉक्टरेट घेऊनच परतले.

विषय होता वायव्य भारतातल्या कोरड्या भागातल्या वनस्पती : त्यांचं बी कसं पसरतं आणि त्या मुळात आल्या कुठून. हे वर्गात फार उपयोगी पडतं. कुंडीतल्या कोरफडीचं पान कापून दाखवा. आतला गर म्हणजे पाण्याचा साठा. अशा झाडाला रोज पाणी घातलं की मुळं कुजतात. (आणि मुलं हौसेनं रोज घालतातच!) रुईचं वाळलेलं बोंड उकलून म्हाताऱ्या उडवा, बी कसं प्रवास करतं ते वेगळं सांगावं लागत नाही.

कलकत्ता सोडल्यावर ते स्वस्थ बसले नाहीत. १९४६ ला पुण्यात महाराष्ट्र विज्ञान वर्धिनी उभी राहिली, तिचे ते पहिले संचालक. १९६० ला ते वारले. १९९२ पासून तिथल्या संशोधन संस्थेला त्यांचं नाव आहे. संस्था आहे आगरकर रस्त्यावर, त्यामुळे आगरकर आणि आघारकर यांत मुलांची गल्लत होते, तेवढं आधीच सांगून ठेवा.